हौदाला खिडकी

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको. घरी काँक्रीटचा मोठा मत्स्यहौद बांधणं हा मुळीच वेडेपणा नाही. वेडेपणा आहे तो उंच हौद बांधण्यात, आणि फ्लॅटमध्ये बांधण्यात. लांबी वाढवा, रुंदी वाढवा, पण पाणी तीन फुटांच्या वर नेऊ नका. आणि हौदाखाली थेट जमीन नसेल तर हा लेख नुसता वाचून सोडून द्या.

काँक्रीट म्हटलं की लोक उगाच बिचकतात. टँक म्हणजे काचेचाच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण हौद ही आपल्याला नवीन गोष्ट आहे का? पेशवाईत कात्रजहून नळानं आणलेलं पाणी पुण्यातल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं लोक अजून पत्ता सांगताना घेतात. आणि लोखंड घातलेल्या काँक्रीटची गंमत तर त्याहून भारी. १८६७ साली जोसेफ मोनिए नावाच्या एका फ्रेंच माणसानं त्याचं पेटंट घेतलं, आणि हा गृहस्थ पेशानं होता माळी! त्याला बागेसाठी न फुटणाऱ्या कुंड्या हव्या होत्या, म्हणून त्यानं सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली. त्याच्या पेटंटमध्ये कुंड्या आणि टाक्या आधी आल्या, पूल नंतर.

तर साताऱ्याकडच्या आमच्या घराच्या पडवीत आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट पाण्याचा हौद बांधायचं ठरलं. साधारण २७०० लिटर. गावातल्या मिस्त्रींना ‘ॲक्वेरियम’ सांगून काही उपयोग नव्हता. ‘हौद, पण पुढच्या भिंतीला खिडकी’ असं सांगितल्यावर ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, खिडकीच ठेवायची तर हौद कशाला बांधायचा?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाण्याची टाकी बांधणं त्यांच्या हातचा मळ होता. तळ आणि भिंती शक्यतो एका दमात ओतायच्या, कारण आजचं काँक्रीट आणि उद्याचं काँक्रीट जिथे भेटतं तिथूनच पाणी वाट काढतं. कोपऱ्यांत वाटा काढायचा, म्हणजे काटकोन राहत नाही. नंतर रोज पाणी मारायचं. ह्यातलं काहीही त्यांना मी शिकवण्याची गरज नव्हती. माझं काम फक्त त्या खिडकीपुरतं होतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आता थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, किती लिटर पाणी आहे ह्यावर नाही. खिडकीमागे चार फूट पाणी असो की अख्खा अरबी समुद्र (लाटा सोडून), काचेवरचा जोर तेवढाच. माझी खिडकी सहा फूट रुंद आणि अडीच फूट उंच, वरची कड पाण्याच्या पातळीला. तिच्यावर एकूण जोर येतो साधारण ५३० किलोंचा. हीच खिडकी पाच फूट उंच केली तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे दोन टनांच्या वर! कारण खोली वाढली की दाबही वाढतो आणि दाब खाणारं क्षेत्रफळही वाढतं. उलट हौदाची रुंदी चाराची आठ फूट केली तर काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे रुंदी काचेच्या हिशेबात फुकट मिळते आणि उंचीची किंमत चक्रवाढ व्याजानं मोजावी लागते. तरी जो तो उंचीच मागतो, कारण दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्याला समोरून उंची दिसते, रुंदी दिसत नाही.

माशाला मात्र उंचीचं काडीचं कौतुक नाही. तो आडवा पोहतो. शिवाय हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो तो पृष्ठभागातून, त्यामुळे पसरट हौद हा उंच हौदापेक्षा माशांसाठी केव्हाही बरा.

काच बसवायची ती आतून. बाहेरच्या बाजूला काँक्रीटची कड चारही बाजूंनी दोन-दोन इंच पुढे ठेवायची आणि काच आतून तिच्यावर टेकवायची, म्हणजे पाणी स्वतःच काचेला कडेवर दाबून धरतं. बाहेरून बसवलेली काच पाणी रात्रंदिवस ढकलत राहणार, आणि सगळी भिस्त सिलिकॉनवर. ही एक गोष्ट कळली की उरलेलं बरंचसं सोपं होतं.

बरंचसंच हं, सगळं नाही. काच काँक्रीटला कुठेही थेट टेकता कामा नये; मध्ये सिलिकॉनची जाड गादी हवी, नाहीतर खडीचा एखादा उंचवटाच तिला तडा द्यायला पुरे. सिलिकॉन कच्च्या सिमेंटला नीट धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी भांडतं, म्हणून आधी इपॉक्सीचा थर आणि मग सिलिकॉन. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन तर हातातही धरू नका, ते माशांना विष आहे. खिडकीच्या चार कोपऱ्यांत तिरक्या सळया टाकायच्या, कारण भिंतीला चीर पडली तर ती कोपऱ्यातून सुरू होते. आम्ही १९ मिलिमीटरची साधी काच घेतली. टफन्ड काच ताकदवान खरी, पण ती फुटते तेव्हा एका क्षणात सगळीच्या सगळी फुटते. पाणी अडवायला मला तो स्वभाव आवडत नाही. कडेवर टेकणारा भाग धरून काचेचं वजन ८० किलोंच्या आसपास भरलं, आणि ती उचलून आत उतरवताना कोणी विनोद करत नव्हतं.

मोठमोठ्या मत्स्यालयांत काचेऐवजी ॲक्रिलिक असतं. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयाची मुख्य खिडकी ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि तब्बल ६० सेंटिमीटर जाड आहे. उंची परवडते ती अशा लोकांना. आणि त्यांनाही नेहमीच परवडते असं नाही. बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत दहा लाख लिटरचा ॲक्रिलिकचा उभा दंडगोल होता. तो १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटला आणि सुमारे १५०० मासे होते त्यांतले जवळजवळ सगळे गेले. लॉबीत पहाटेची शांतता होती म्हणून माणसं वाचली. तपासात बऱ्याच शक्यता पुढे आल्या, पण एकच एक कारण काही नक्की ठरलं नाही. तज्ज्ञांची ही गत, तर यूट्यूब बघून सहा फूट उंच टँक करायला निघालेल्या माझ्या मित्रांना मी काय सांगू?

फ्लॅटवाल्यांसाठी एकच आकडा देतो. आपल्याकडे राहत्या घराची स्लॅब डिझाइन करताना माणसं, फर्निचर वगैरेंचं वजन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. तीन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ९०० किलोंच्या वर, तेही काँक्रीटचं वजन न धरता. ‘बीमवर ठेवतो रे, काही होत नाही’ हे मी एका सोसायटीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. खालच्या मजल्यावर कोणीतरी झोपलेलं असतं, एवढं तरी लक्षात ठेवावं.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना सगळ्यात जड जातं ते थांबणं. आधी रिलीज, मग पॅच, ही आपली सवय. इथे ती चालत नाही. काँक्रीट पिकायला २८ दिवस. नवीन सिमेंटमधला चुना पाण्यात उतरला तर पाण्याचा पीएच माशांना मारण्याइतका चढतो, म्हणून इपॉक्सीचा थर आणि दोन-तीनदा भरून रिकामं करणं. भरतानाही एक-एक फूट, पेन्सिलनं पातळीची रेघ मारून, दोन दिवस वाट बघत. मग फिल्टरमध्ये माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे. तेवढे दिवस घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "मासे कुठायत?"

आता मासे. एवढा उपद्व्याप हवाच कशाला, ह्याचं उत्तर तिथे आहे. दुकानात तीन इंचांचा सिल्व्हर शार्क मिळतो, तो वाढून फूटभर होतो आणि त्याला सोबतीला कळप लागतो. तिथेच शेजारी बोटभर लांबीचा रेडटेल कॅटफिश असतो, तो एक मीटरच्याही पुढे जातो. दोन फुटी टँकमध्ये ही पोरं मावेनाशी झाली की मालक एक दिवस रात्री तळ्यावर जातो आणि ‘मुक्त’ करून येतो, वर पुण्य केल्यासारखा झोपतो. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला, तो काही पोहत आलेला नव्हता. नदीत सोडणं ही दया नव्हे. त्यात एक तर तो मासा मरतो, नाहीतर तिथले मरतात.

म्हणून आमच्या हौदात विकत घेतलेला एकही मासा नाही. सहा सिल्व्हर शार्क आणि चार टिनफॉइल बार्ब, सगळे कोणाच्या ना कोणाच्या टँकमध्ये न मावलेले. एकानं रेडटेल आणून देऊ का विचारलं, त्याला नाही म्हटलं. आठ फूट त्यालाही पुरणार नाहीत, आणि त्याच्यासाठी घरगुती हौद बांधायचा विचारही कोणी करू नये. असो.

मिस्त्रींनी नंतर गावात अजून दोन हौद बांधले, दोन्हींना खिडकी. त्यातल्या एकाला साडेचार फूट उंची हवी होती. मिस्त्री म्हणाले, "तीनाच्या वर मी बांधत नाही, दुसरा माणूस बघा." आमच्याकडे आता चिंता फक्त विजेची. म्हणून हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाकलाय, आणि पावसाळ्यात वीज गेली की वडील आधी तो चालू आहे का ते बघतात, मग मेणबत्ती शोधतात :-)