मतांचा हिशेब कोण ठेवणार?

लोकशाहीत मत देणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या मताचा चोख हिशेब राहणेही महत्त्वाचे, असे आम्ही मानतो. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रासही हे सत्य ठेच लागल्यावरच उमगले. २००० साली फ्लोरिडा राज्याचा, आणि त्यासरशी अध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. किती मतपत्रिका कोठे व का बाद झाल्या, यावर देशभर वादळ उठले. त्यातून २००२ च्या कायद्याने निवडणूक साहाय्य आयोग जन्मास आला. पुढे २००८ साली इलिनॉय, मिनेसोटा, ओहायो, पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या पाच राज्यांस प्रत्येकी २० लक्ष डॉलर देण्यात आले. हेतू हा की, मतदानाची माहिती प्रिसिंक्ट या सर्वांत लहान विभागापासून गोळा व्हावी.

कोणी म्हणेल, नुसते आकडे जमविण्यास एवढा पैसा कशाला? आमचे उत्तर स्पष्ट आहे. राज्याची बेरीज नेहमीच गुळगुळीत दिसते. अन्याय लपतो तो एखाद्या वस्तीच्या केंद्रावर. तेथे नावे गळली, मते बाद झाली, तरी एकूण बेरजेत ते सारे बुडून जाते. मात्र पाचांना देऊन इतरांना वगळणारे, एका निवडणुकीपुरते अनुदान हा आरंभ होय, सांगता नव्हे. तेथील निवडणुका हजारो स्थानिक कचेऱ्या चालवितात. त्या सर्वांच्या नोंदी एकाच पद्धतीच्या व जनतेस खुल्या असावयास हव्यात. ज्याच्या मताची नोंद नाही, त्याची तक्रारही पुराव्यावाचून पोरकी ठरते.