गाडी खाली बसवणे

आमच्या कोल्हापुरात जेवणाला तिखट, चपलेला करकर आणि गाडीला आवाज लागतो. पहिल्या दोहोंबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याबद्दल आहे. दिवाळीच्या पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींमागे इथं म्हशी पळवतात. ते ठीक आहे, म्हशींना वर्षातून एकदा तेवढी करमणूक हवीच. पण उरलेले दिवस तोच आवाज माणसांनी का ऐकावा?

सध्या आमच्या घरात जुनी पिकअप ‘मॉडिफाय’ करण्याचं घाटतंय. मार्केट यार्डात वर्षानुवर्षं गुळाचे रवे वाहिलेली ही सोशिक गाडी. पुतण्याला ती आता रंकाळ्याच्या कडेनं मिरवायची आहे. त्याची यादी तयार आहे : रुंद टायर, चकचकीत चाकं, मागचे दोन पाटे काढून गाडी खाली बसवणे, नवा सायलेन्सर, आणि डिझेल पंप वाढवून घेणे. मी विचारलं, “आणि ब्रेक?”

“लागतोय की काका!”

हे ‘लागतोय की’ मला रात्री झोपू देत नाही. आमचा पुतण्या एकटा असता तर घरातल्या घरात भागवलं असतं. पण अख्ख्या गावातली पोरं याच यादीनं गाड्या नटवताहेत.

आता जरा पिकअपच्या पोटात शिरू. ही गाडी ओझं वाहायला जन्मलेली. त्यामुळं मागचे पाटे कडक, आणि रिकामी असली की मागचं अंग हलकं. जोरात ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं जातं, मागची चाकं जाम होतात, आणि मागचं अंग पुढच्याला भेटायला निघतं. हे टाळायला पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकच्या वाटेवर एक वॉल्व्ह असतो. त्याचा दांडा एक्सलला जोडलेला. गाडी किती दबलीय त्यावरून तो ओझं ओळखतो. दबलेली दिसली की मागं जास्त ब्रेक सोडतो, उंच दिसली की हात आखडता घेतो. आता तुम्ही पाटे काढून रिकामी गाडीच खाली बसवलीत, तर त्या बिचाऱ्याला वाटतं, टनभर गूळ भरलाय! तो इमानेइतबारे दाब सोडतो. गूळ असतो फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यात.

त्यात वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. पन्हाळ्याहून उतरताना तर ब्रेक सारखा दाबून ड्रम तापतात, आणि तापलेला ड्रम धरत नाही. समोर एस.टी. असते, उसाची ट्रॉली असते, शाळेची पोरं असतात. त्यांनी कुणाला मॉडिफाय करायला सांगितलेलं नसतं.

उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. ते म्हणाले, “मालक, पोरं येत्यात, पळीव म्हणत्यात. थांबीव म्हणून अजून एक बी आला न्हाई.” त्यांचा क्रम ठरलेला : आधी लायनर, ड्रम आणि ब्रेकच्या नळ्या. मग स्टिअरिंगचा प्ले. मग पाट्यांचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर. मग चांगले टायर आणि अलाइनमेंट. इंजिनाचं सगळ्यात शेवटी. “तितवर पैसं पुरतच न्हाईत,” ते म्हणाले, “आन् तेच बरं हाय.”

आमच्या पिढीनंही मिशीला पीळ देऊ नये. “कंपनीनं दिलंय तसंच राहू दे” म्हणणारे आम्ही, पंधरा वर्षांत झिजून पापड झालेलं रबरही कंपनीनंच दिलंय असं मानतो. वळणावर गाडी बोटीसारखी डुलते ती त्यामुळंच. झिजलेलं बदललं की जुनी पिकअपसुद्धा रस्ता धरून चालते, हे पोरांना कुणी दाखवतच नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. मूळ रचनेपासून हटणारा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानंही 2019 साली सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल केल्यास दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. पुतण्यानं यातलं फक्त दंडाचं ऐकलं आणि “भरू की!” म्हणाला. दंड भरून वॉल्व्हची समजूत निघत नाही, हे त्याला कोण सांगणार?

तेव्हा मी तह मांडला आहे. लायनर, बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर माझ्या पैशानं. पाट्यांना कुणी हात लावायचा नाही. सायलेन्सर हवाच असेल तर स्वतः कमवून, आणि पावती आरटीओला दाखवून. दोन दिवस घरात अबोला होता. काल वहिनींमार्फत विचारणा आली : ब्रेकच्या ड्रमना लाल रंग मारला तर चालेल का?

बाहेरून मारायला माझी हरकत नाही.