साबण होता!

गॅब्रिएल गार्सिया मार्केझची १९८५ची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ मी आधी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर वाचली. फ्लोरेंतिनो फर्मिनासाठी ५१ वर्षं, ९ महिने, ४ दिवस थांबतो. आम्हा दोस्तांना वाटलं, इश्क असावं तर असं!

लग्नानंतर पुन्हा वाचली आणि तोच नायक खटकला. या काळात त्याच्या वह्यांत ६२२ प्रकरणांची नोंद होते. ज्या १४ वर्षांच्या मुलीचा तो पालक, तिलाही तो सोडत नाही. शेवटी ती जीव देते. याला वफा म्हणायचं?

मला भिडलं ते फर्मिना आणि तिचा नवरा डॉ. उर्बिनो यांचं भांडण. न्हाणीघरात साबण नव्हता, एवढ्यावरून कित्येक महिने दुरावा. साबण खरंच नव्हता. तरी शेवटी डॉक्टरच मान्य करतात, की होता.

मागच्या महिन्यात आमच्याही घरी चार दिवस अबोला होता. चूक माझी नव्हती. पाचव्या सकाळी मी दोन कप चहा ठेवला.

दोस्तांनो, वाट पाहणं सोपं असतं, कारण ती एकट्याने पाहता येते. रोज सोबत राहणं कठीण. टिकणारी मोहब्बत मला तिथेच दिसते.