पट्ट्याचा रंग आणि हौदातली माती

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात जाण्याचा योग आला. लग्न नव्हते, कराटेच्या पट्ट्यांची परीक्षा होती. शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा मुलगा पिवळ्या पट्ट्यावरून नारिंगी पट्ट्यावर जायचा होता आणि 'भाऊ, तुम्ही आलेच पाहिजे' असा आग्रह होता. पांढऱ्याशुभ्र पोशाखातली दीडेकशे मुले रांगेत उभी होती. एकेकाने पुढे यावे, हातपाय झाडावेत, मोठ्याने ओरडावे, नमस्कार करावा आणि मागे जावे. आईबाप मोबाइल उंचावून उभे. तासाभरात सगळ्यांचे रंग बदलले. एकाही मुलाचा रंग बदलायचा राहिला नाही, हे मात्र माझ्या ध्यानात राहिले.

बाहेर उसाचा रस पिताना शेजाऱ्यांनी विचारले, "याच्यानं पोराले वळण लागंल ना भाऊ?"

मी 'लागंल की' म्हणालो खरे. पण त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही.

मला स्वतःला जे काही थोडेफार वळण लागले, ते जुन्या शहरातल्या एका आखाड्यात. आमचे वस्ताद दिवसा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलत आणि संध्याकाळी लंगोट कसून हौदात उतरत. हौदातल्या मातीत तेल, हळद, ताक पडे. पहिले दोन महिने मला एकही डाव शिकवला गेला नाही. माती कुदळीने उकरायची, तिच्यावर पाणी मारायचे, जोर-बैठका काढायच्या आणि घरी जायचे. तिसऱ्या महिन्यात कसाबसा धोबीपछाड हाती लागला आणि आठवड्याच्या आत मी तो शाळेच्या फरशीवर एका काडीपहिलवानावर लावून मोकळा झालो. त्याचे कोपर सुजले. संध्याकाळपर्यंत बातमी आखाड्यात पोचली.

"काहून पाडलं रे त्याले?" वस्तादांनी विचारले.

"त्यानं मले शिवी देल्ली."

"शिवी तोंडानं देल्ली ना? मंग डाव काहून लावला?" मी गप्प. मग ते म्हणाले, "ज्याले पडता येत नाही, त्याले पाडाचं नसते बापा."

मला वाटले, आता थोबाडीत बसणार. ती बसली असती तर बरे झाले असते. वस्ताद त्या मुलाच्या घरी गेले, त्याच्या वडिलांशी बोलले आणि चार दिवसांनी त्या मुलालाच आखाड्यात घेऊन आले. महिनाभर मला लढत बंद. काम एकच: त्याला पडायला शिकवायचे. मान कशी आत घ्यायची, हात कुठे टेकायचा नाही, श्वास कधी सोडायचा. हे शिकवता शिकवता त्याचे हाड किती बारीक आहे आणि तो किती घाबरलेला आहे, हे मला पहिल्यांदा हाताला कळले. चौथ्या महिन्यात त्याने मला उचलून आपटले. वस्ताद मिशीत हसले आणि दोघांना मातीवर पाणी मारायला पाठवले.

ही गोष्ट मी आखाड्यांचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. ज्या आखाड्यांत हात आणि शिव्या सैल सुटत, तेही मी पाहिले आहेत. दुसऱ्या गल्लीच्या किंवा दुसऱ्या जातीच्या पोराला दारातूनच परत पाठवणारे आखाडे होते. तिथून निघालेली काही पोरे पुढे पुढाऱ्यांच्या मागे दंड फुगवून फिरली. मला वस्ताद चांगला मिळाला, हा निव्वळ नशिबाचा भाग. आणि मुलाचे वळण नशिबावर सोडायचे नसेल तर काय करावे, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वीच काही माणसांना पडला होता.

अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंत वैद्यांनी, जे रोपटे लावले तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. मंडळाचे नाव निघाले की आपण 1936 चे बर्लिन ऑलिंपिक आठवतो. मंडळाच्या खेळाडूंनी तिथे कबड्डीसह आपले देशी खेळ जगापुढे करून दाखवले आणि वऱ्हाडच्या मातीची दखल युरोपात घेतली गेली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पुढच्या पिढीतल्या प्रभाकर वैद्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली, तीही रास्तच. पण मला मंडळाचे खरे मोठेपण दिसते ते तिथे तयार झालेल्या शिक्षकांत. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती ही विद्या तोवर ज्याच्या त्याच्या वस्तादाच्या मर्जीवर चालत होती. मंडळाने तिला अभ्यासक्रमात बसवले, उन्हाळी वर्ग भरवले आणि ती शिकवायची कशी हेही शिकवले. तिथून शिकून गेलेला शिक्षक कुठल्याशा तालुक्याच्या शाळेत उभा राहिला की त्या गावच्या पोरांना चांगला वस्ताद मिळण्यासाठी नशिबाची वाट पाहावी लागत नसे.

नेमका हाच धागा आज हातातून सुटला आहे, असे मला वाटते.

मारामारीची विद्या शिकल्याने मूल आपोआप शांत, शिस्तशीर आणि धीट होते, हा समज सर्वत्र आहे. वास्तविक पाहता तसे होतेच असे नाही. अमेरिकेत मायकेल ट्रलसन यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरवयीन मुलांचे तीन गट पाडले आणि सहा महिने त्यांच्याकडे लक्ष ठेवले. एका गटाला कोरियाचे तायक्वांदो जुन्या रीतीने शिकवले, म्हणजे ध्यान, आदर आणि संयमाच्या शिकवणीसकट. दुसऱ्या गटाला त्याच तायक्वांदोतल्या नुसत्या लाथा-बुक्क्या आणि लढती शिकवल्या. तिसरा गट इतर खेळ खेळला. पहिल्या गटाचा आक्रमकपणा उतरला. दुसऱ्या गटाचा वाढला. विद्या एकच, शिकवण्याची तऱ्हा निराळी! गट लहान होते, हे खरे. पण 2005 साली नॉर्वेत एन्ड्रेसेन आणि ओल्वेउस यांनी अकरा ते तेरा वर्षांच्या शेकडो मुलांचा पाठपुरावा करून जे मांडले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे, पौर्वात्य युद्धकला यांत पडलेल्या मुलांचे मैदानाबाहेरचे वागणे सुधारण्याऐवजी बिघडल्याचे त्यांना आढळले. आमच्या वस्तादांनी यातले काही वाचले नव्हते. शाळेच्या फरशीवरच्या त्या डावात त्यांना मात्र ते दिसले होते.

जपानमध्ये जिगोरो कानोंनी 1882 साली ज्यूदोची शाळा काढली. तिथेही नवख्याला आधी पडायलाच शिकवतात. प्रतिस्पर्धी हा आपला सोबती, त्याला सांभाळायचे, हे त्या विद्येच्या मुळाशीच आहे. आपल्या मल्लखांबाला तर प्रतिस्पर्धीच नाही. एरंडेल लावलेला लाकडी खांब आणि आपण. तो खांब कुणाच्या बापाची ओळख जाणत नाही. मांडीची पकड सुटली की सरळ खाली. दहा वर्षांचे पोर रोज घसरते आणि रोज पुन्हा चढते, तेव्हा त्याला अपयशाची जी सवय होते, ती आजच्या घरांत मिळणे कठीण झाले आहे. 'नीट'च्या शिकवण्यांनी गजबजलेल्या अकोल्यात तर ती सवय औषधासारखी वाटली पाहिजे.

आणि आपण देतो काय? दर तीन महिन्यांनी हमखास नवा रंग. पट्टा विकत मिळतो हे मुलाला कळत नाही असे समजू नये; मुलांना ते आपल्या आधी कळते. वरून दहावीच्या क्रीडागुणांचा मोह. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा खेळाडूंची मान शरमेने खाली गेली. ऑलिंपिकचे स्वप्न दाखवून फी वाढवणारेही आहेत. कराटे टोकियोत खेळले गेले आणि 2024 च्या पॅरिसमध्ये वगळले गेले, हे ते पालकांना सांगत नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर आपण फारच घाईत आहोत. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षणाच्या प्रशिक्षणाची योजना आहे; मुदत तीन महिने. हेतू उत्तम. नसण्यापेक्षा असलेले बरे, हेही मान्य. पण माझे पहिले दोन महिने माती भिजवण्यात गेले होते! तीन महिन्यांत मनगट सोडवायची युक्ती शिकता येते. ओरडायला लागणारा धीर अंगात मुरत नाही. ती मुलगी चौथ्या महिन्यात कुठे जाणार? तिच्या गावात संध्याकाळी दिवा असलेले मैदान आहे का? दोरीच्या मल्लखांबासाठी एक दोर आणि एक शिक्षिका मिळाली तरी वर्षानुवर्षे चालेल असा वर्ग उभा राहू शकतो. अमरावतीच्या एवढ्या मोठ्या परंपरेच्या शेजारी राहून आपल्याला हे सुचू नये?

2023 च्या मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात जे घडले ते आम्ही अकोलेकर विसरलेलो नाही. पेटलेल्या गल्लीत एखाद्या पोराचा हात आवरला गेला तर तो कशाने आवरला जातो, याचा विचार मी तेव्हापासून अनेकदा केला आहे. आमच्या हौदात माझ्यासमोर कोण उतरेल ते वस्ताद ठरवत. मातीने माखल्यावर कोण कुठल्या आळीतला, ते ओळखू येत नसे. ज्याची मान सांभाळून त्याला पाडायला शिकलो, त्याच्या घरावर दगड उचलणे मला तरी जमले नसते.

परवा शेजारी पुन्हा भेटले. पुढचा पट्टा हिरवा, त्याची फी भरायची होती. मी म्हणालो, "भरा, पण आधी एक दिवस मोबाइल घरी ठेवून वर्गाच्या पायरीवर जाऊन बसा. कोणी पडलं, कोणी रडलं, की सर काय करतात तेवढं पाहा."

ते गेले. संध्याकाळी आले ते जरा विचारात होते. "भाऊ," ते म्हणाले, "सर चांगले हायेत. पण तासभर कोणी पडलंच नाही."