६४ मिलिमीटर पाऊस आणि अकरावीचं गणित

दिवाळीत रिठदला बहिणीकडे गेलो होतो. फराळाची ताटली हातात येते न येते तोच भाची अकरावी सायन्सचं गणिताचं पुस्तक घेऊन समोर हजर.

"मामा, हे पुस्तकच चुकलं हाय. केवलमूल्य कधीच उणे नसते म्हणते, अन् खाली लिवते की क्ष शून्याहून लहान असला तं त्याचं केवलमूल्य उणे क्ष. मंग?"

प्रश्न चोख होता. शिकवणीत विचारलं तर "तसंच असते, पाठ करून टाक" असं उत्तर मिळालं म्हणे. मला माझी अकरावी आठवली. मीही पाठच केलं होतं, आणि मार्कही मिळाले होते.

मी तिला म्हटलं, गणित राहू दे. रिठदचा एसटी स्टॉप म्हणजे शून्य धर. रिसोडकडे जाणारे किलोमीटर अधिक, वाशिमकडे जाणारे उणे. वाशिमकडे ५ किलोमीटर गेलीस तर तू उणे ५ वर आहेस. पण चाललीस किती? पाचच. म्हणजे उणे ५ च्या मागे आणखी एक उणे लावलं की खरं अंतर मिळतं. क्ष च्या पोटातच उणे असेल तर उणे क्ष ही अधिक संख्या असते. रिसोडच्या बाजूला एक नियम, वाशिमच्या बाजूला दुसरा, आणि दोन्ही मिळून एकच फलन. यालाच तुकड्यातुकड्यांनी मांडलेलं फलन म्हणतात. आणि वाशिमकडे निघालीस म्हणून कंडक्टर काही तुला उलटे पैसे देत नाही!

मग तिकिटाचंच बोललो. एसटीचा भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा. टप्प्याच्या आत थोडं पुढे उतरलं तरी भाडं तेच, टप्पा ओलांडला की एकदम वर. आलेख काढला तर जिना दिसतो. हे झालं पायरी फलन.

"एवढंच? हे तं मले येतच होतं!" ती म्हणाली.

मंडळी, माझा राग आहे तो या "येतच होतं" वर. पोरांना जे येतं ते आपण त्यांच्यापासून लपवून ठेवतो, आणि परक्या नावाने परत त्यांनाच विकतो.

२०१७ साली आलेलं नववीचं गणिताचं पुस्तक बघा. वास्तव संख्यांच्या प्रकरणात केवलमूल्य आहे, आणि ते संख्यारेषेवरचं अंतर म्हणून नीट सांगितलंय. त्याच पुस्तकात अर्थनियोजनाच्या प्रकरणात आयकराचे तक्ते आहेत: इतक्या उत्पन्नापर्यंत हा दर, त्यापुढे तो दर. तो तक्ता म्हणजे तुकड्यांचं फलनच! पण ही दोन प्रकरणं एकमेकांची भावकी आहेत हे वर्गात कुणी बोलत नाही. दोन वर्षांनी अकरावीत हीच मंडळी इंग्रजी नावं लावून येतात, मॉड्युलस, सिग्नम, ग्रेटेस्ट इंटिजर, आणि मराठी शाळेतून आलेलं पोरगं आलेख पाठ करायला बसतं.

कुणी म्हणेल, बसू दे की. यात बिघडलं काय? बरंच बिघडलं.

साधं वीजबिल घ्या. १०० युनिटच्या वर गेलो की सगळंच बिल महागड्या दराने लागतं, असं आमच्या नात्यातले शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात (वाचत असाल तर रागावू नका!). समजा पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये दर आहे आणि पुढच्यांना १०. तर १०१ युनिटांचे १,०१० नाही, ५१० रुपये होतात. महाग होतो फक्त शंभराच्या पुढचा युनिट. इथे रेघ मोडते, चढ वाढतो, पण उडी नाही. चढ आणि उडी यांतला फरक कळणं, हेच या धड्याचं सार आहे.

आता खरी उडी बघा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी. ६४ पडला तर नाही. मंडळातल्या पर्जन्यमापकाचा एक आकडा, आणि त्यावर गावंच्या गावं आत किंवा बाहेर. पुढे पंचनामा, तिथे ३३ टक्क्यांची रेघ. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते. नुकसान ३२ टक्के, तर शून्य. ३३ टक्के, तर ८,५००. आणि ९० टक्के गेलं तरी तेच ८,५००. हा सरळसरळ जिना आहे, तोही एकाच पायरीचा.

आता आयकराकडे या. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर शून्य. सवलत तिथे संपते, म्हणजे एक रुपया जास्त कमावला की हिशोबाने ६० हजारांच्या वर कर बसायला हवा. पण कायदा करणाऱ्यांना ही उडी दिसली. म्हणून त्यांनी तिथे उतार बांधला: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. १२ लाख १० हजारांवर कर १० हजार, वर उपकर. बारा लाखवाल्याला पायरीवर ठेच लागू नये म्हणून उतार, आणि रिठदच्या सोयाबीनवाल्याला मात्र सरळ उंबरठा! असं का, हा प्रश्न राजकारणाचा आहेच. पण तो नेमका विचारायला पायरी आणि उतार यांतला फरक माहीत असावा लागतो.

उतार अशक्य आहे म्हणावं तर पीकविम्याचा हिशोबच उताराचा आहे. उंबरठा उत्पादन १० क्विंटल आणि पीक कापणीत मंडळाची सरासरी ८ निघाली, तर तूट २० टक्के, आणि भरपाई विमा रकमेच्या २० टक्के. जितकी तूट, तितकी भरपाई.

"अहो, कुठेतरी रेघ मारावीच लागते." मान्य. हजारो शेतांचे पंचनामे करायचे तर सोपा नियम लागतो. पण रेघ माणसाने मारलेली असते आणि ती हलते. २०२३ साली राज्याने सततच्या पावसालाही आपत्ती मानायचं ठरवलं. कुणीतरी म्हटलं असेल ना, की ६५ चा आकडा गाठलाच नाही तरी पीक सडतंच?

"अभ्यासक्रम आधीच जड आहे." वाढवायला कोण सांगतंय? नववीत एसटीचं तिकीट, घरचं वीजबिल आणि ६५ मिलिमीटरचा नियम, या तिघांचे आलेख पोरांकडून मराठीत काढून घ्या. दोन तास पुरतात. मग अकरावीत त्याला काय वाटेल ते नाव द्या.

असो. भाचीने त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर पावसाचा आलेख काढला. ६५ पर्यंत जमिनीला चिकटलेली रेघ, मग एकदम उडी. तिचे बाबा बराच वेळ ते पान बघत बसले. मग म्हणाले, "बरोबर हाय पोरी. आपण इथंच असतो." बोट ६५ च्या जरा अलीकडे होतं.