मरळीच्या पिल्लांची राखण

आषाढात तलावाच्या उथळ काठाशी, गवताच्या आडोशाला, पाण्यावर एक तांबूस पुंजका हलताना दिसतो. जवळ जाऊन पाहावे तो मरळीची शेकडो बारीक पिल्ले! मुले ती पंच्याने गाळून गंमत म्हणून घरी नेतात. जाणत्या माणसास मात्र त्या पुंजक्याखाली मोठी मरळ असल्याचे ठाऊक असते व तो नेमका तेथेच गळ टाकतो. राखणीस असलेला मासा पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही धावून जातो, म्हणून तो हमखास सापडतो. मासेमारीची ही रीत म्हणजे कणगीतले बियाणे जात्यात घालणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मरळीचे घरटे पाखराच्या घरट्यासारखे विणलेले नसते. नर-मादी मिळून उथळ पाण्यातील गवत बाजूस सारतात व मध्ये थोडी मोकळी जागा करतात. तेथे सोडलेली पिवळसर अंडी, आत तेलाचा थेंब असल्यामुळे, पाण्यावर तरंगतात. एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. त्यानंतर काही आठवडे, पिल्लांचा तांबूस रंग जाऊन ती पांगेपर्यंत, जनक मासे त्यांच्याखाली फिरत राहतात. या काळात राखणदार गेला की बेडूक, पाणसाप व इतर मासे पुंजक्याचा फडशा पाडतात.

शहरात काचेच्या भांड्यात पाळला जाणारा थायलंडकडील बेट्टा मासा याच वळणाचा. त्याचा नर चिकट बुडबुड्यांचे घरटे बांधतो, खाली पडणारी अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि मादीलाही तेथून हुसकावतो. लोक पैसे मोजून ते कौतुक पाहतात; आपण आपल्या तलावातील कौतुकावर गळ टाकतो!

मरळ मांसाहारी आहे, रोहू-कटल्याची बोटुकली खाते, अशी तक्रार तलाव ठेक्याने घेणारे करतात. ती खोटी नाही. संगोपन तळ्यात बोटुकली सोडण्यापूर्वी मरळ काढून टाकलीच पाहिजे. परंतु गोंदिया-भंडाऱ्याकडील जुन्या मालगुजारी तलावांत मरळ ही काही उपरी नव्हे. ती हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे बाजारात जिवंत नेता येते व भावही चांगला मिळतो. असे धन केवळ उतावीळपणाने गमवावे काय?

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना पावसाळ्यात मासेमारी बंद असते. गावतलावासाठी तेवढ्या मोठ्या बंदीची मागणी मी करीत नाही. तांबडा पुंजका दिसेल तेथे गळ व जाळे टाकू नये, एवढा ठराव ग्रामसभेने पावसापूर्वी करावा. मच्छीमार संस्थेच्या सभासदांना ग्रामसेवकांनी आधी विश्वासात घ्यावे. पुंजके कोठे दिसतात हे त्यांनाच अधिक ठाऊक असते. आणखी एक गोष्ट. तलावाच्या काठचे सगळे गवत जूनमध्ये उपटून काठ चकचकीत करण्याची जी हौस दिसते, ती निदान उथळ बाजूस तरी आवरावी. मरळ जागा धरते ती तेथेच.