आपला तो विनोद, दुसऱ्याचा तो अपमान



२०१३ सालचा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. माण-खटावात, सोलापूर-बीडकडे टँकर आला की बायाबापड्या घागरी घेऊन धावत होत्या. दावणीची जनावरं छावणीत नेऊन बांधली होती. जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. त्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी उजनीचं पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर दीड महिन्याहून जास्त उपोषणाला बसला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या निंबगाव केतकीच्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्या उपोषणावर विनोद केला. धरणात पाणीच नाही तर सोडायचं कुठून, असं विचारून पुढं ते जे म्हणाले ते इथं छापत नाही. हा अंक घरात आजीपासून नातीपर्यंत सगळे वाचतात, आणि ते वाक्य तसंही तुम्हाला पाठ आहे. त्याच भाषणात भारनियमनावरही एक कोटी झाली, रात्री दिवे नसतात म्हणून पोरं जास्त होतात अशी.

सभेत हशा पिकला. हसणाऱ्यांतले कितीजण सकाळी टँकरच्या रांगेत उभे राहिले असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र पेटला. तेव्हा विरोधात असलेल्या भाजप-शिवसेनेनं राजीनामा मागितला, विधिमंडळाचं कामकाज अडवलं. बरोबरच केलं. पवारांनी माफी मागितली आणि १४ एप्रिलला कऱ्हाडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसून आत्मक्लेश केला.

आता चार वर्षं पुढं या. सरकार बदललेलं. दोन वर्षं कोरडी गेल्यावर २०१६ ला पाऊस बरा झाला. आदल्या वर्षी डाळ दोनशेच्या घरात गेलेली, म्हणून तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच तूर पेरली. पीक असं आलं की विचारू नका. मग भाव कोसळला. हमीभाव बोनससह ५०५० रुपये क्विंटल, पण खरेदी केंद्रावर बारदान नाही. ट्रॅक्टर रांगेत उभे, माणसं पोत्यावरच झोपलेली. १० मे २०१७ रोजी जालन्यात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे कार्यकर्त्यांशी बोलत होते. तुरीचा प्रश्न निघाला तेव्हा ते बोलून गेले की एवढी तूर घेतली तरी रडतात, आणि वर एक शिवी जोडली.

आता पाळी उलटी झाली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी रस्त्यावर उतरले. शिवसेना तर सरकारात बसून निषेध करत होती. आणि २०१३ ला ज्यांनी कामकाज अडवलं होतं त्यांना आता समजून घेण्याची भाषा सुचली. साहेबांचं बोलणंच रांगडं आहे, मनात तसं काही नव्हतं, ते कार्यकर्त्याला बोलले, शेतकऱ्याला नाही. दानव्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि विषय मिटला.

मला सांगा, पाण्यासाठी उपोषण करणारा आणि तुरीच्या पोत्यावर झोपणारा हे काय दोन वेगळ्या जातींचे शेतकरी होते? माणूस तोच. एका वर्षी पाण्यावाचून गेला, दुसऱ्या वर्षी पिकाच्या भाराखाली गेला. त्याच्यावर झालेल्या थट्टेचं वजन मात्र दोन तराजूंत दोन प्रकारचं भरलं. आणि तराजू धरणारे फक्त पुढारी नव्हते. आपणही होतो. पारावर बसून २०१३ ला कोण चिडलं, कोण गप्प बसलं, आणि २०१७ ला कोण चिडलं, कोण गप्प बसलं, ते आठवून बघा. गावातली नावं तुमच्या डोळ्यांसमोर येतील.

यातली एक पळवाट मला फार खटकते. पुढारी काही अभद्र बोलला की म्हणतात, ही ग्रामीण बोली आहे, गावाकडं असंच बोलतात. मे २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील सुप्रिया सुळे यांना म्हणाले की राजकारण कशाला करता, घरी जाऊन स्वयंपाक करा. टीका झाली तेव्हा दिलगिरीबरोबर हाच खुलासा आला, ही गावाकडची बोलण्याची रीत आहे. म्हणजे जीभ घसरली यांची, आणि बट्टा तुमच्या-माझ्या भाषेला!

अहो, गावाकडच्या थट्टेला जेवढे नियम आहेत तेवढे शहरात नसतील. कुणी कुणाची थट्टा करायची हे नात्यानं ठरलेलं असतं. मेहुणा-मेहुणीत चालते, आजा-नातवात चालते, विहिणी उखाण्यांतून एकमेकींचं उणंदुणं काढतात. सासऱ्यासमोर सून तसं बोलत नाही, आणि सासऱ्यानंही सुनेला तसं बोलायचं नसतं. शिमग्याला बोंब मारायची मुभा आहे, पण शिमगा संपला की बोंब संपली. ज्याच्या दारात दुःख आहे त्याच्या दारात थट्टा नाही, हे तर पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. तहानलेल्या माणसाच्या उपोषणावर हसणं ही कुठल्या गावची रीत? मला तरी असं गाव ठाऊक नाही.

आणि तमाशाच्या वगात कोण कुणाला हसतं ते बघा. सोंगाड्या राजाला हसतो, कोतवालाची फिरकी घेतो, प्रधानाला मूर्ख बनवतो. राजा सिंहासनावरून प्रेक्षकांतल्या फाटक्या माणसाला हसत नाही. तसं झालं तर तो वगच उरणार नाही.

सत्तेवरच्या माणसाला हसणाऱ्याची मात्र आपल्याकडं काय गत होते, तीही पाहू. इथं तर तराजूचा दांडाच वाकडा आहे.

महाराष्ट्रात एक अख्खा पक्ष व्यंगचित्रातून उभा राहिला. बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० मध्ये ‘मार्मिक’ साप्ताहिक काढलं आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन केली. त्यांच्या सभेला माणसं निम्मी भाषणासाठी जात आणि निम्मी कुणाला काय नाव ठेवतात ते ऐकायला. शरद पवारांना ते मैद्याचं पोतं म्हणायचे आणि मैदान हशानं दणाणायचं. पवारांनी ते मनाला लावून घेतलं नाही. दोघांची मैत्री टिकली, आणि २००६ ला सुप्रिया सुळे राज्यसभेवर गेल्या तेव्हा ठाकऱ्यांनी विरोधात उमेदवार दिला नाही.

त्याच पक्षाचे मुख्यमंत्री असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, कांदिवलीच्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यानं उद्धव ठाकरे यांच्यावरचं व्यंगचित्र आपल्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पुढं पाठवलं. चित्र त्याचं नव्हतंच, नुसतं पुढं पाठवलं. शिवसैनिकांनी त्याला घरातून खाली बोलावून मारलं, डोळा सुजवला. पक्षातून सांगण्यात आलं की ही उत्स्फूर्त प्रतिक्रिया होती. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी हे गुंडाराज थांबवा अशी मागणी केली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारपूस केली.

मग २०२२ ला सेना फुटली. २३ मार्च २०२५ च्या रात्री खारच्या एका नाट्यगृहवजा स्टुडिओत शिंद्यांच्या शिवसैनिकांनी घुसून मोडतोड केली, कारण कुणाल कामरा या विनोदी कलाकारानं तिथं एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटलं होतं. नाव न घेता त्यांना गद्दार म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन त्याच जागेचं बांधकाम पाडायला हजर. आता मुख्यमंत्री फडणवीस होते. कामरानं माफी मागावी, असं त्यांनी सांगितलं. शिंदे म्हणाले की क्रियेला प्रतिक्रिया येते. आणि उद्धव ठाकरे म्हणाले की कामरा काहीच चुकीचं बोलला नाही.

कांदिवली आणि खार ही एकाच लोकलमार्गावरची स्टेशनं आहेत. पण साडेचार वर्षांत सगळ्यांनी डबे बदलले होते.

तिसरा पक्ष सोवळा होता असं समजू नका. मे २०२२ मध्ये केतकी चितळे या अभिनेत्रीनं दुसऱ्या कुणाची कविता समाजमाध्यमावर टाकली. तीत शरद पवारांच्या शरीराची आणि आजाराची टवाळी होती. माझ्या मते ती कविता वाईट होती. आजारपणावर बोट ठेवणं कुणालाही शोभत नाही. पण त्यासाठी तिच्यावर ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले आणि ती सुमारे ४० दिवस कोठडीत राहिली. मैद्याच्या पोत्यावर ज्यांनी टाळ्या पिटल्या त्यांचंच सरकार होतं, हे ध्यानात घ्या.

बायकांवरच्या विनोदाचं तर काय सांगावं. सप्टेंबर २०२१ मध्ये भाजपचे प्रवीण दरेकर राष्ट्रवादीला ‘रंगलेल्या गालांचे मुके घेणारा पक्ष’ म्हणाले. त्याच वर्षी डिसेंबरात शिवसेनेचे मंत्री गुलाबराव पाटील आपल्या मतदारसंघातले रस्ते हेमामालिनीच्या गालांसारखे असल्याचं सांगत होते. गाल दोन्हीकडं बाईचे, आणि प्रत्येक पक्षाला दिसले ते दुसऱ्यानं काढलेले. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. गुलाबरावांना माफी मागायला बजावलं ते राज्य महिला आयोगाच्या अध्यक्ष रूपाली चाकणकर यांनी. त्या राष्ट्रवादीच्या, म्हणजे त्या वेळच्या मित्रपक्षाच्या. गुलाबरावांनी माफी मागितलीही. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठ्यांची भांडणं, आमचं त्यात काय? आता घरातला मोबाईल बघा. गावात एकाच भावकीचे तीन गट, प्रत्येक गटावर सकाळी आलेली चित्रं. थोरल्याच्या गटावर एका नेत्याला गाढव केलेलं, धाकट्याच्या गटावर दुसऱ्याला. दोघंही आपापल्या गटात हसतात, आणि संध्याकाळी बांधावर भेटले की तोंड फिरवतात. पुढाऱ्यावर गुन्हा पडला तर वकील तयार असतो, संध्याकाळपर्यंत जामीन होतो. तुमच्या पोरानं चित्र पुढं पाठवलं आणि कुणी तक्रार केली, तर तालुक्याच्या ठाण्यात हेलपाटे तुम्हाला. पोलीस भरती किंवा नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा पुन्हा समोर येतो. त्या दिवशी ज्याच्यासाठी पाठवलं तो साहेब फोन उचलेल, असं धरून चालू नका.

म्हणून पोरांना एक गोष्ट करायला सांगा. चित्र आलं, हसू आलं किंवा राग आला, की त्यातलं नाव काढून तिथं आपल्या नेत्याचं नाव घालायचं. अपंगाची, आजाराची, बाईच्या अंगाची, जातीची टवाळी असेल तर नाव बदलताच लगेच टोचेल. कारभाराची, बोलून फिरवल्याची, पैशाची टवाळी असेल तर टोचलं तरी खरं वाटेल. पहिलं पुसून टाका. दुसरं खुशाल ठेवा, आणि विरोधकानं पाठवलं तरी त्याच्या अंगावर धावू नका. एवढ्यासाठी शाळा शिकावी लागत नाही.

जाता जाता पोळ्याची गोष्ट सांगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘५० खोके, एकदम ओके’ अशी घोषणा देत होते. राष्ट्रवादीचे आमदार त्यात सर्वांत पुढं. आठवड्याभरात पोळा आला आणि काही गावांत ती घोषणा बैलांच्या पाठीवर रंगली. मला ती थट्टा आवडली, खोटं कशाला बोलू. शेतकऱ्यानं आपल्या बैलाच्या पाठीवरून राजाला हसावं, यात गैर काय? पुढं २०२३ च्या एप्रिलमध्ये याच खोक्यांवर गाणं रचणाऱ्या एका तरुणावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. आणि २ जुलै २०२३ ला पायऱ्यांवरच्या त्या आमदारांपैकी काहीजण शिंद्यांच्याच सरकारात मंत्री म्हणून शपथ घेऊन बसले. त्या वर्षीचा पोळा सप्टेंबरात आला. कुणाच्या बैलाच्या पाठीवर तेव्हा काय लिहिलं होतं, आणि लिहिलं नसेल तर का नाही, ते कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकांत देऊ.